सा. न. वि. वि.

डिसेंबर एकसष्ट, लोहगाव, पहाटेचे तीन.
मी बावीस वर्षांचा, आर्मरर, खिशात खडू.
हजार पौंडी बॉम्बच्या पोटावर मी लिहिलं
जे वडील प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर लिहीत:
सा. न. वि. वि.
सगळे हसले. सार्जंट बिलिमोरियासुद्धा.
मग ते पत्र आम्ही विमानात चढवलं.

विनंती काय होती, विशेष काय होतं,
ते लिहायचं राहून गेलं.

आता चिखलीत राहतो, पियेदादच्या घराला लागून,
भाडं चारशे, शुक्रवारी मासळी फुकट.
ती मला घाटी म्हणते आणि ताट वाढते.
तिच्या मागीलदारी खाऱ्या बांगड्यांचं मडकं,
मडक्यावर फळी, फळीवर लोखंडाचा वाकडा तुकडा,
कडेला अर्धं भोक, आटे अजून शाबूत.
ते आटे मी ओळखतो. तिथे फ्यूज बसतो.
हाताने आवळायचा, मग पाव फेरा अजून.

हे कुठलं, मी विचारलं, जणू काही माहीतच नाही.
"विमानतळावयलें," ती म्हणाली. "उबून आयलें."

तिचा नवरा रुझार, रेंदेर.
त्या सकाळी माडाच्या शेंड्यावर,
कमरेला काती, दामोणं अर्धं भरलेलं.
विमान वाड्यात आधी त्यालाच दिसलं असणार,
सगळ्यांत जवळ तोच होता.
बॉम्ब धावपट्टीवर पडले. नेमके.
(आम्हाला शाबासकी मिळाली, जिलेबीही.)
धावपट्टीपासून माड अर्धा मैल.
रुझारला काही लागलं नाही.
हात सुटले, एवढंच.

पाद्रीनं चर्चच्या वहीत लिहिलं: माडावरून पडून.
खरं आहे. रेंदेर पडतातच.
आमच्या वहीत लिहिलं: नागरी हानी, शून्य.
तेही खरं.
दोन खऱ्या वह्यांच्या मधून
एक माणूस खाली आला
आणि कुठल्याच पानावर आपटला नाही.

रात्री मी माझाच वकील होतो.
लढाई बरोबर होती. पियेदादही म्हणते,
"पाकले गेले, बरें जालें." तिचा मामा त्यांच्या तुरुंगात होता.
नेम चांगला होता, हेतू त्याहून चांगला.
मग समोरचा खुर्ची सरकवून उठतो:
नकाशावर वाडा होता ना?
होता. बोटाच्या पेराएवढा.
साहेब म्हणाले होते, एवढं अंतर पुरे.
पुरे कुणाला? माडावर चढून मोजलं होतं?

आणि जिथे नेमच वाड्यावर धरतात,
जिथे आधी आकडेमोड करतात
की इतक्या म्हाताऱ्या, इतकी पोरं, इतके पाव भाजणारे गेले
तर राजा गुरुवारपर्यंत शरण येईल,
तिथल्या खडूवाल्या पोराला मी काय सांगू?
की मी वेगळा?
हो, वेगळा. फरक आहे.
तो फरक मी सोडणार नाही.
रुझारनं माड धरला होता
तसा धरून बसलोय.

काल पियेदादला सांगितलं. खडूसकट सगळं.
ती ताजे बांगडे मोजत होती.
मोजणं थांबवलं नाही. सोळा. सतरा.
मग मान वर न करता:
"आमी हांगा आसात, तुका खबर आशिल्ली?"
मी म्हणालो, नकाशात होतात.
अठरा.
खूप वेळ एकोणीस आलाच नाही.

मग म्हणाली, "तें उखल. मडकें उगडूंक जाय."

उचललं. फळीवर गंजाचं तांबडं वर्तुळ.
वाटलं होतं त्याहून हलकं निघालं,
दीड शेर असेल फार तर.
मडकं उघडलं, वास आला, मीठ पडलं, फळी परत बसली.
मी हातात धरून उभा.
कुठे ठेवू,
ते तिनं सांगितलं नाही.